गोजराबाईची हाक

भाविकहो, धुंडिनाथ महाराज कृष्णाकाठी आंबेघाटला मुक्कामाला होते, त्या माघातली ही गोष्ट. घाटावर नारायणाचे देऊळ, तिथे रोज सकाळी भजन होई. म्हशी राखणारी गोजराबाई नेमाने यायची, खांबाआड बसायची आणि नुसते ओठ हलवायची.

तिचा आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा. फाटका आणि प्रचंड. ती भांडायला उभी राहिली की पलीकडच्या तीरावरची माणसे हातातली कामे टाकून ऐकत. त्याच तोंडापायी सून माहेरी निघून गेली, आणि तेव्हापासून बाईने आवाज पार पुरून टाकला. एकदा भजनात चुकून एक ओळ निसटली, तर गोड गळ्याचे हरदास त्र्यंबकबुवा टाळ थांबवून म्हणाले, "बाई, तुम्ही मनातल्या मनातच म्हणा. देव पळाले तर देऊळ ओस पडेल." सगळे हसले. गोजराबाईही हसली आणि घरी जाऊन रडली.

देवळाच्या उत्सवाच्या सकाळी बुवा पलीकडच्या गावचे कीर्तन आटोपून भरल्या नावेतून परत निघाले. नाव मध्यावर आली आणि धुके उतरले. घाटावरच्या माणसाला पायाखालचे पाणी दिसेना. खालच्या अंगाला नदी खडकांवरून कोसळते. दिशा चुकलेली नाव तिथेच जायची. माणसांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या, आणि त्या हळूहळू खाली सरकत होत्या. देवळातली घंटा वाजवली, पण धुक्यात तिचा नाद कुठून येतो तेच कळेना.

भजनाला जमलेली माणसे घाटावर धावली होती. महाराज त्यांच्यातल्या गोजराबाईकडे वळले. "माये, हाक मार."

"नारायणा," बाईने जपून हाक दिली. ती पायरीवरच विरली.

"ही नव्हे. पुरून ठेवलेली काढ."

"म्हाराज, ती लई वंगाळ हाय. तिच्यात निस्त्या शिव्या हायती. तिच्यापायी माझी सून गेली."

"ठाऊक आहे," महाराज म्हणाले. "तरी ती तुझीच आहे. शिव्यांसकट काढ. मी इथे उभा आहे."

गोजराबाई शेवटच्या पायरीवर गेली. कमरेवर हात ठेवले, आणि इतक्या वर्षांचा राग एका दमात बाहेर आला. "आरं ए मुडद्या नावाड्या! डोळं फुटलं का तुझं? हिकडं मर, हिकडं! वल्हं मार मेल्या, न्हाईतर तंगडं मोडीन!"

महाराजांनी हात उंचावला, आणि काय सांगावे, खडकांवरचा तो गडगडाट ऐकू येईनासा झाला! नावेतल्यांच्या कानी फक्त ती हाक, तीही नेमकी घाटाकडून. नावाडी शिव्यांच्या मागोमाग वल्हवू लागला. बाई थांबेना. येत होत्या त्या शिव्या संपल्या तेव्हा तिने नव्या रचल्या, आणि त्याच पट्टीत मधूनमधून नारायणाचे नावही येऊ लागले. अखेर नाव पायरीला लागली. सगळे सुखरूप उतरले.

बुवांचा गळा पार बसला होता. "महाराज, देवाचे नाव घ्यायला गेलो तर सूर फुटेना. भीतीने नुसता किंचाळत होतो. माझ्या आत असा भेकड बसलाय, हे मला माहीतच नव्हते."

"आता ओळख झाली ना?" महाराज हसले. "उद्या भजनाला त्यालाही घेऊन या."

बुवा पाया पडायला वाकले. महाराज बाजूला सरले आणि त्यांनी गोजराबाईकडे बोट दाखवले. बुवांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि तिच्या ओल्या पायांवर डोके ठेवले.

"उठा बुवा," गोजराबाई म्हणाली. पलीकडच्या तीरावरही ते स्पष्ट ऐकू गेले.