खारूताईने सजवलेला माळ

माळाला अजून कुणी राखीव म्हटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आमराईतली खारूताई माळावर राहायला आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! नुसतं वाळकं गवत, आणि कडेला बोरीचे काटे! कशा राहता इथे?"

"मजेत," टिटवी म्हणाली.

पण ऐकेल ती खारूताई कसली! तिने जांभळाच्या बिया आणून माळभर पुरल्या. पाहुणीचं मन कशाला मोडा, म्हणून कुणी काही बोललं नाही. दोन पावसाळ्यांत रोपं तरारली आणि खारूताई त्यांच्यामधून मिरवू लागली.

एके सकाळी टिटवी ओरडली, "पळा, खोकड आलं!" या छोट्या कोल्ह्याला ती एरवी लांबूनच हेरायची. आज ते रोपांआडून थेट खारूताईच्या शेपटीपाशी पोचलं होतं. खारूताई लाडक्या जांभळावर चढली, तर ते तिच्यासकट वाकून जमिनीला टेकलं! मग ती जी सुटली, ती बोरीच्या जाळीत घुसली. मागोमाग आलेल्या खोकडाच्या नाकात काटा रुतला आणि ते केकाटत पळालं.

जाळीत बसलेला तितर जरा सरकून म्हणाला, "या, बसा. काटे चालतील ना?"

खारूताईला हसू फुटलं. दुसऱ्याच दिवशी तिने सगळी रोपं कुरतडून टाकली.

पुढे तिचा भाऊ भेटायला आला. "ताई, इथे तर काहीच नाही गं!"

"हळू बोल," खारूताई म्हणाली, "आणि पाय जपून टाक. त्या 'काहीच नाही'मध्ये टिटवीची अंडी आहेत."