फुटाण्याचं एकच वाक्य

एक राजा होता, पण त्याला आज निजू दे. रोज रोज गोष्टीत येऊन दमलाय बिचारा. आज गोष्ट आहे त्याच्या राज्यातल्या एका भडभुंजणीची. भडभुंजीण म्हणजे कोण रे, दामू? जी मोठ्या कढईत वाळू तापवते, तापल्या वाळूत ज्वारी टाकते, लांब दांड्याच्या लोखंडी पळीनं हलवते, आणि मग तडतड तडतड लाह्या उडतात, ती. तिचं नाव बयजाक्का.

बयजाक्काचा हात असा, की एक दाणा करपायचा नाही. आणि तोंड? तेही कढईइतकंच तापलेलं, बरं का. एकटीच होती. कुणी बोलायला गेलं की फाडकन उत्तर. पण लाह्या अशा पांढऱ्याशुभ्र, की सगळं गाव तिच्याच दारी यायचं.

एकदा काय झालं, श्रावण आला. नागपंचमीचा आदला दिवस. पुढच्या दारी बायकांची ही गर्दी! नागोबाला लाह्या हव्यात ना. आपण त्या दिवशी चिरत नाही, तळत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही. का? नागोबाला इजा होऊ नये म्हणून. तर बयजाक्का मागच्या दारी भट्टीवर घामाघूम झालेली, आणि कुठूनसं एक हडकुळं कुत्रं आलं. आलं ते थेट लाह्यांच्या टोपलीत तोंडच घातलं त्यानं. नुसतं 'हाड' म्हणावं की नाही? पण तिच्या डोक्यात गेली तिडीक. तिनं पळी भरली आणि ती कढत वाळू त्याच्या पाठीवर भिरकावली.

असं केकाटलं ते कुत्रं, असं केकाटलं! पुढून बायकांनी विचारलं, "काय गं झालं?" बयजाक्का म्हणाली, "काही नाही, कुणाची तरी शेपटी दारात सापडली असेल." आणि तिनं लाह्या मापायला घेतल्या. मनात टोचलं का? टोचलं तर. पण सांगायचं कुणाला?

मग दसरा आला. बाजारात एक गोसावी आला. त्याच्याबरोबर एक कुत्रा, अंगावर भगवी छाटी पांघरलेला. कुणी पोतं झटकलं की कुत्रा टुणकन उडायचा, गुरगुरायचा, दात दाखवायचा. पोरांनी लगेच नाव ठेवलं, फुटाण्या! गोसावी म्हणाला, "मला रानात सापडला. लांबच्या तीर्थाला चाललोय, याला कोण सांभाळील? कुणाला हात लावू देत नाही, आधीच सांगतो."

सगळे दोन पावलं मागे सरले. बयजाक्का मात्र पुढं झाली. "मला द्या महाराज! जो हात दाणा करपू देत नाही, तो एका कुत्र्याला माणसाळवणार नाही होय?" बायकांनी माना डोलावल्या. बयजाक्काची छाती फुगली.

गोसाव्यानं दोर तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "माई, याला एक वरदान आहे बरं का. जन्मात एकदा हा माणसासारखं बोलेल. एकच वाक्य. मी होळीच्या आधीच्या बाजाराला परत येईन, तेव्हा सगळ्यांसमोर बोलेल. काय बोलायचं, ते त्याचं तो ठरवील." एवढं सांगून त्यानं कुत्र्याच्या अंगावरची छाटी काढून घेतली.

पाठीवर तळहाताएवढा डाग. केस नाहीत, नुसती गुलाबी कातडी. बयजाक्कानं ओळखलं. तोच होता तो!

मग तिनं काय केलं? खरं बोलली? छे गं, मुक्ते. तिनं लाच द्यायला सुरुवात केली. दूधभात, साजूक तूप लावलेली भाकरी, नळीचं हाड. का, तर त्यानं होळीच्या बाजारात काही बोलू नये. फुटाण्या कशाला तोंड लावायचा नाही. धान्याच्या कणगीमागं जाऊन बसायचा आणि ती झोपली की शेजारणीच्या चुलीवरची भाकरी पळवून आणायचा. एकदा जवळ गेली तर मनगटाला चावला. बयजाक्का ओरडली नाही. शेजारीण म्हणाली, "काय बाई सोशिक झालीस! धन्य तुझी!" तेव्हा बयजाक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मनगटावर हळद दाबत राहिली.

दिवाळी गेली. चोराच्या मनात चांदणं, तसं तिला वाटे, आज बोलेल, उद्या बोलेल. एका सकाळी तिनं दोर घेतला, त्याला नदीपार नेला, पार जंगलाच्या कडेपर्यंत. दोर सोडला आणि मागं वळून न बघता घरी आली. गावात सांगितलं, "पळाला मेला, दोर तोडून." लोक म्हणाले, "जाऊ दे अक्का, तू कमी नाही केलंस." पुन्हा शाबासकी! तिनं पुढ्यातलं ताट सरकवून दिलं.

तिसऱ्या दिवशी दार उघडते, तर फुटाण्या उंबऱ्याबाहेर बसलेला. पायात काटे, अंगाला चिखल. आत येत नाही, दूरही जात नाही. त्याला जायला दुसरं घरच नव्हतं, मुक्ते. ज्या दारात भाजला, तेच त्याचं दार. बयजाक्का उंबऱ्यावर बसली. आजवर तिला भीती वाटत होती, त्या दिवशी लाज वाटली. दोन्हींत फरक असतो बरं का, मोठी झालात की कळेल.

मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दूध नाही, तूप नाही. साधी भाकरी अंगणात ठेवायची आणि त्याच्याकडं पाठ करून बसायचं. नजरेला नजर द्यायची नाही. रोज भाकरी वीतभर जवळ आणायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी टर उडवली, "अक्का, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच." ती काही बोलायची नाही. बयजाक्का आणि उलट बोलली नाही, म्हणजे बघा!

मग ती लोखंडी पळी. ती दिसली की फुटाण्या थरथर कापायचा. बयजाक्कानं ती अंगणात नुसती टाकून ठेवली, थंडगार. तिच्यावर भाकरीचा तुकडा. पाच दिवस त्यानं लांबूनच पाहिलं. सहाव्या दिवशी मान लांब केली आणि तुकडा उचलून पळाला. आठवडाभरानं पळीशेजारीच बसून खाल्लं.

आणि मग वाळू. आधी थंड वाळू, मूठभर, हळूच ओतायची. सर्र आवाज झाला की तो कणगीमागं. ती थांबायची. तो आला की पुन्हा मूठभर. कधी दिवस फुकट जायचा, कधी दोन पावलं पुढं, चार मागं. संक्रांत आली तेव्हा कुठं ती भट्टी पेटवायची आणि तो दारात बसून बघायचा. एक दिवस त्यानं तिच्या तळहातावरचा फुटाणा उचलला. जीभ लागली तिच्या हाताला, ओली, ऊन. त्याच हाताला! तिनं तोंडात पदर कोंबला आणि रडली.

असं करता करता होळीच्या आधीचा बाजार आला. गोसावी आला. सगळं गाव गोळा झालं. फुटाण्या बयजाक्काच्या पायाशी, दोराशिवाय. लोकांनी तोंडात बोटं घातली. "बयजाक्कासारखी माया कुणाची नाही!" ती मान वर करेना. गोसावी म्हणाला, "बोल बाळा, काय बोलायचं ते."

फुटाण्यानं तोंड उघडलं.

"थांब!" बयजाक्का ओरडली. तिच्या मनात आलं, जन्मात एकच वाक्य याचं, आणि ते माझं पाप सांगण्यात जायचं? ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हा डाग माझ्या हातचा आहे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मीच तापलेली वाळू मारली. चार लाह्या खाल्ल्या म्हणून. तुमच्याशी खोटं बोलले. मग भिऊन याला नदीपार सोडून आले, तेही खोटंच सांगितलं. ज्याला तुम्ही माया म्हणता ना, ती माया नव्हती. आधी तरी नव्हती."

 मग म्हाताऱ्या द्वारकाकाकू म्हणाल्या, "आणि त्याच कढईतल्या लाह्या आम्ही नागोबाला वाहिल्या, होय गं?"

धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं झालं बयजाक्काला. ती तिथंच धुळीत बसली. गोसावी एवढंच म्हणाला, "माई, तुझं बोलून झालं. त्याचं अजून बाकी आहे."

फुटाण्या उठला. तिच्याजवळ आला. तिचा हात हुंगला. आणि म्हणाला,

"अक्का, घरी चल ना, भूक लागली."

बस्स. एवढंच. पुन्हा जन्मात बोलला नाही, भुंकला मात्र पुष्कळ. आणि बयजाक्का हमसून हमसून रडली. त्यानं शिवी दिली असती, तर ती तिला झेपली असती बघ.

काय विचारतेस, मुक्ते? त्यानं ओळखलं नव्हतं का तिला? अगं, कुत्र्याचं नाक ते. दसऱ्यालाच ओळखलं होतं.

मग काय, दोघं घरी गेली. तिनं भाकरी टाकली, त्यानं खाल्ली. काही बायकांनी वर्षभर तिच्या लाह्या घेतल्या नाहीत, आणि तिनंही कुणाची मनधरणी केली नाही. डागावर केस काही आले नाहीत. ती रोज तिथं खोबरेल लावायची आणि तो डोळे मिटून लावून घ्यायचा. त्यांचं बरं चाललं शेवटपर्यंत, गावाचंही बरं चाललं. दामू तर केव्हाच घोरायला लागला. तूही कूस बदल आता, आणि डोळे मिट.