धुरपाच्या हाताला विसावा

काड्यापेटी नावाची वस्तू जगात यायच्या फार फार आधीची ही गोष्ट. ऐका बाळांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. मधेच कुणी चहाचं आधण ठेवायला उठू नका. आणि उठणारी नेहमीचीच असेल, तर तिला मुळीच उठू देऊ नका.

एका उंच डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे धुकं भारी. दिवस वर आला तरी समोरचं घर दिसायचं नाही. चकमक झाडून ठिणगी पाडावी म्हटलं, तर कापूस दमट, पाला दमट, सगळंच दमट. म्हणून त्या गावात विस्तव कधी विझू देत नसत. घरोघरची बाई निजण्याआधी चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवी, पहाटे राख सारून, फुंकर घालून त्यांना जागं करी. कधी एखादीचा विस्तव गेलाच, तर ती गोवरी घेऊन शेजारच्या दारात उभी राही. "विस्तव आहे का गं?" अहाहा, काय गोड हाक होती ती! विस्तवाबरोबर दोन सुखदुःखाच्या गोष्टीही मिळायच्या. पुरुषमंडळींना मात्र वाटायचं, चालल्या या गप्पा छाटायला.

त्या गावाचा एक सण होता, विसाव्याचा. सुगी संपली की एके दिवशी सगळे कामकरी आपापली हत्यारं देवीच्या देवळापुढच्या पारावर आणून ठेवत. शेतकरी नांगर ठेवी, लोहार घण ठेवी, सुतार वाकस ठेवी. मग देवळाचा गुरव एकेकाचं नाव घेऊन मोठ्याने हाळी देई, "अमक्याच्या हाताला विसावा!" हाळी झाली की दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत त्या माणसाने आपल्या कामाला हात लावायचा नाही. काही नड पडली तर ते काम दुसऱ्याने करायचं. पण हाळी झाल्याशिवाय पारावरच्या वस्तूला मालकाखेरीज कुणी शिवायचं नाही, हा देवीच्या दारचा नेम होता.

बायकांच्या नावाची हाळी कधीच होत नसे. त्यांच्याकडे हत्यार कुठे होतं? उलट त्या दिवशी त्यांना दुप्पट राबावं लागे. आदल्या संध्याकाळी गुरवाची सोडून गावातल्या सगळ्या चुली, लोहाराची भट्टीसुद्धा, विझवायच्या, सारवायच्या, आणि सणाच्या सकाळी गुरवाच्या घरून नवा विस्तव आणून नैवेद्य रांधायचा. विसावा घेतलेली मंडळी जेवायला टपलेलीच असत.

या गुरवाचं नाव म्हसू. तरणाताठा, पहाडी आवाजाचा. लग्न व्हायचं होतं, घरात तो आणि त्याची आई धुरपा, दोघंच. देवीच्या समईचा विस्तव धुरपाच्या चुलीत राखलेला असे. तिच्या सासूने तो तिच्या हाती दिला होता, सासूला तिच्या सासूने. पोरवयात सून होऊन या घरात आली तेव्हापासून धुरपा एकदाही पुरती झोपली नव्हती. जराशी झोप लागली की दचकून उठायची आणि राखेवर हात धरून बघायची, आत ऊब आहे ना!

म्हातारपणी तिची एकच इच्छा उरली होती. आधी तिला सगळे गुरवाची बायको म्हणायचे, आता म्हसूची आई म्हणायचे. तिच्या नावाने मोठ्याने हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे तिची आई, आणि तीही कधीच गेली होती. डोळे मिटायच्या आत पारावरून एकदा आपलं नाव ऐकू यावं, एवढंच तिला हवं होतं.

एका वर्षी सणाच्या दिवशी तिने म्हसूला विचारलंच. "माझ्या हाताला विसावा कधी रं, लेकरा?"

म्हसू हसला. मनाने वाईट नव्हता हो पोरगा, पण हसला. "आये, विसावा कामाला असतो. तू तर चुलीपाशी बसूनच असतीस की. तुजं हत्यार कंचं?"

धुरपा राख सारखी करायला वळली. पण ते हसणं तिच्या फार जिव्हारी लागलं.

पुढच्या वर्षी सण आला. पारावर नांगर आले, घण आला, वाकस आला. सगळ्यात शेवटी धुरपा आली. तिच्या हातात एक खापर होतं आणि खापरात राखेखाली झाकलेला विस्तव. चुलीतला सगळा, एक निखारासुद्धा तिने मागे ठेवला नव्हता. तिने ते खापर नांगराशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "हे माझं हत्यार."

गावचा कारभारी पोट धरून हसला. बाकीचेही हसले. म्हसू खाली मान घालून उभा राहिला आणि त्याने आईच्या नावाची हाळी दिलीच नाही.

थोड्याच वेळात गावातल्या बायका गोवऱ्या घेऊन धुरपाच्या दारी आल्या. "विस्तव दे गं, म्हसूच्या आई."

"पारावर हाय. विसाव्याला गेलाय."

बायका आधी चमकल्या, मग एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या. गोवऱ्या खाली ठेवून तिथेच ओट्यावर टेकल्या. चूल नाही, तर काम नाही! कुणी आपल्या आईची आठवण काढली, कुणी माहेरच्या वाटेवरल्या करवंदांची. कितीतरी वर्षांनी त्या अशा रिकाम्या हातांनी बसल्या होत्या.

इकडे ऊन कललं. पोटात कावळे ओरडू लागले. नैवेद्य नाही, समई पेटलेली नाही, आणि गारठा तर अंगात शिरू लागला. सगळे पाराभोवती जमले. खापरातली राख पांढरी पडत चालली होती. विस्तव जात होता. तो गेला असता तर नवा आणायला डोंगर उतरून पलीकडच्या मुलखात जावं लागलं असतं, आणि तोवर पोराबाळांनी थंडीत कुडकुडायचं?

"म्हसू, तुज्या आईला बोलाव," कारभारी गरजला. "म्हणावं, उचल ते खापर!"

धुरपा आली. तिने खापराकडे पाहिलं. जन्मभर जिवापाड जपलेला विस्तव डोळ्यांदेखत विझत होता, आणि तो तिथे तिनेच ठेवला होता. तरी ती ठाम राहिली.

"म्हसू," ती म्हणाली, "सोपं इचारते. ह्ये काम हाय का न्हाई? न्हाई म्हन. आत्ता उचलते, चूल पेटवते, पुन्यांदा या गोष्टीचं नाव काढनार न्हाई."

"म्हन की न्हाई!" कारभारी म्हणाला. "एका शब्दाचं तर काम हाय! बाईमाणसाच्या नावानं हाळी दिलीस तर आपले वाडवडील काय म्हणतील?"

खरंच, एका शब्दाचं काम होतं. म्हसूने तोंड उघडलं. पण समोर देवी होती, आणि पुढ्यात आईचे हात. बोटांच्या पेरांवर जुने, नवे, कातडी गोळा झालेले चटके. हे हात त्याने रोज पाहिले होते, रोज त्या हातांचं खाल्लं होतं. आज त्याला ते पहिल्यांदा दिसले.

तो पारावर चढला. सगळा आवाज काढून त्याने हाळी दिली, "धुरपाच्या हाताला विसावा!"

डोंगराने ती हाळी परत पाठवली. धुरपा मटकन पायरीवर बसली आणि पदराआड ढसाढसा रडली.

ओट्यावरच्या बायका धावत आल्या. "आमची नावं? आमच्या हातांना न्हाई व्हय विसावा?" म्हसूने मग एकेकीच्या नावाने हाळी दिली. काही नावं त्यालाही विचारावी लागली. कारभाऱ्याला तर आपल्याच बायकोचं नाव आठवायला डोकं खाजवावं लागलं. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं म्हणता!

आता नेमच तो. विसावलेल्या हातांचं काम दुसऱ्यांनी करायचं. म्हसूने राख सारून निखाऱ्यांवर फुंकर घातली, तर राख उडून सगळी त्याच्या तोंडावर. पुरुषमंडळी चुलींपुढे बसली. कुणाच्या भाकरीला कडाच नाहीत, कुणाच्या वरणात डाळच शिजेना. लोहार, जन्मभर भट्टीपुढे बसलेला, पण पिठलं त्यालाही जमेना. देवीला त्या दिवशी करपलेला नैवेद्य पोचला. तिने तो गोड मानून घेतला असणार, कारण तीही बाईच.

रात्रभर म्हसू चुलीपाशी राखण करत राहिला. राख जास्त झाली की निखारे गुदमरत, कमी झाली की जळून जात. जरा डुलकी लागली आणि तो दचकून उठला, राखेवर हात धरून बघितलं, ऊब आहे ना! पलीकडे धुरपा मात्र गाढ झोपली होती.

उजाडलं तेव्हा त्याने पेटत्या विस्तवाचं खापर दोन्ही हातांनी आईपुढे धरलं.

"डोळं किती लाल झाल्यात रं," ती म्हणाली.

"आये, तू रोज अशी जागतीस?"

"रोज."

 म्हसूने तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

तेव्हापासून त्या गावात विसाव्याची पहिली हाळी विस्तव राखणाऱ्या हाताची होऊ लागली. पुढे म्हसूचं लग्न झालं. सून घरात आली तेव्हा धुरपाने खापर उचललं, पण ते सुनेच्या एकटीच्या हाती दिलं नाही. दोघा नवराबायकोंनी मिळून ते धरलं, आणि म्हसू बायकोला म्हणाला, "एक रात्र तुजी, एक माजी."

आता ते गाव राहिलं नाही, ती हाळी राहिली नाही. काडी ओढली की जाळ होतो, आणि गोवरी घेऊन कुणी कुणाच्या दारात येत नाही. ती दारातली हाक नाहीशी झाली, याची मला हळहळ वाटते. पण पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारे हात अजून घरोघर आहेत, आणि त्यांतल्या कितीजणींना त्यांच्या नावाने हाक मारली जाते, ते आपापल्या घरी जाऊन बघा.

तात्पर्य: ज्या कामावर घर चालतं त्याला काम म्हणावं, आणि ते करणारीला तिच्या नावाने विसावा द्यावा.