खिळ्यासाठी ओरडायचं नाही

सोनं शोधून दमलेली माणसं आपलं यंत्र नदीकाठी विसरून गेली, तेव्हाची गोष्ट. जमिनीत कुठलाही धातू असला की ते यंत्र ओरडायचं. ते एका घुशीच्या हाती लागलं. घूस मुळातच उतावळी. यंत्र फरफटत ती काठभर धावू लागली.

"इथे!" यंत्र ओरडलं. घुशीनं घाईघाईनं खणलं, तर निघाला गंजका खिळा. पुन्हा "इथे!" आणि पुन्हा खिळाच. दुपारपर्यंत तिची नखं झिजली.

"खबरदार, परत खिळ्यासाठी ओरडलंस तर!" ती कडाडली. "सोनं असेल तरच बोल."

"बाई, सोनं मला कुठलं ओळखू येतंय? खाली काहीतरी आहे, एवढंच कळतं. खणून बघायचं काम तुमचं."

"तोंड वर करून बोलू नकोस!"

यंत्र गप्प झालं. घूस धावली, परतली, पुन्हा धावली. तेवढ्यात बीळ साफ करणाऱ्या खेकड्यानं एक खिळा बाहेर ढकलला. त्याला चिकटून सोन्याचा खडा चमकत होता.

"इथूनच तर मी कितीदा गेले!" घूस यंत्रावर धावून गेली. "का नाही बोललंस?"

"खिळाही निघालाच ना, बाई," यंत्र म्हणालं.