विहिरीमागचा खडक

तुमच्या आजोबांचे आजोबा रांगत होते ना, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं आणि गावाला एकच विहीर होती. दर उन्हाळ्यात तिचा गाळ काढायचा मान पौलसबाबांच्या घरचा. बाबा वरून दोर सोडत आणि अंगाने हलकी म्हणून त्यांची लेक सुवार्ता खाली उतरे.

खाली कसला अंधार! पोरीची बोबडी वळायची. मग ती ओरडायची, "बाबा, आहात ना?"

वरून हमखास उत्तर यायचं, "आहे गं बाई, आहे!"

एवढ्यावर तिची भीती पळायची. उतरताना तिची नजर बाबांच्या चेहऱ्यावरून हलत नसे आणि वर आली की ती सरळ त्यांच्या गळ्यात पडे. गावभर फुशारकी मारत हिंडे, "माझ्या बाबांच्या मनगटात दहा बैलांचं बळ आहे!" काय सुखाचे दिवस होते ते!

मग बाबा देवाघरी गेले. पुढच्याच उन्हाळ्यात विहिरीची एक बाजू ढासळली आणि झरा गाळाखाली गाडला गेला. माणसं, गुरं तहानेने कासावीस झाली. सगळ्यांचे डोळे सुवार्ताकडे लागले. ती मात्र काठावर बसून हमसून हमसून रडत होती.

"आई, मी नाही उतरणार. बाबांचे हात आता कुठून आणू?"

आईने पदराने डोळे पुसले आणि ती चक्क हसली. "हात कसले घेऊन बसलीस? तू पाळण्यात होतीस तेव्हाच गाडीवरून पडून त्यांचा उजवा हात अधू झाला. डाव्या हाताने भाकरी मोडायचे, ते काय हौस म्हणून?"

तिने लेकीला विहिरीमागच्या करवंदीच्या जाळीआड नेलं. तिथे एक काळा खडक होता आणि दोर घासून घासून त्याला बोटभर खोल खाच पडली होती.

"तुझे बाबा इथे दोराचे दोन वेढे घालायचे आणि म्हणायचे, 'प्रभू, माझ्या हातांचं काही खरं नाही. लेकीला तूच धर.' मगच काठावर येऊन दोर सोडायचे. वेढे असले की माझ्यासारखी म्हातारीही सोडेल."

सुवार्ताने खाचेत बोट घातलं. तिच्या लहानपणीचे सगळे उन्हाळे तिथे होते. तिला भडभडून आलं. "प्रभू, आता मलाही धर," ती म्हणाली आणि तिने दोर कमरेला बांधला. आईने खडकाला दोन वेढे घातले आणि जाळीआडूनच दोर सोडू लागली.

अर्ध्या वाटेवर तोच अंधार आला. सवयीने तोंडून गेलं, "प्रभू, आहेस ना?"

वरून आवाज आला नाही. पण कमरेचा दोर ताठ होता.

"आहेस," ती स्वतःशीच म्हणाली आणि खाली उतरली. ऊन कलायच्या आत झरा मोकळा झाला, गार पाणी तिच्या घोट्यांवरून वाहू लागलं, आणि वर सारा गाव ओंजळी भरभरून प्याला.

पुढे सुवार्ताची लेक विहिरीत उतरू लागली. तिला दोर बांधण्याआधी सुवार्ता जाळीआड नेई आणि तो खडक दाखवी.

लहानथोरांनो, आपल्याला धरणारे हात एक दिवस सुटतात, पण त्या हातांनाही ज्याने धरलं होतं, तो देव भीतीच्या वेळी आपल्याला कधी सोडत नाही.