संगणकाच्या पोटातला काठ

विणकरांच्या एका गावात भालचंद्र नावाचा विणकर राहत होता. घरात त्याची विधवा वहिनी कावेरी होती, आणि थोरला भाऊ नरहर गेल्यावर वर्षाच्या आत भालचंद्रने लग्न करून आणलेली बायको वृंदा. या घराचा एक नेम होता. दर नवरात्रात गावच्या देवीला नेसवायचं महावस्त्र याच घरच्या मागावर विणलं जायचं.

त्याच्या काठाची नक्षी नरहर संगणकावर काढायचा. त्याचा नक्षीचा प्रोग्राम फार जुना. नव्या संगणकावर तो चालेना. म्हणून त्याने नव्या संगणकाच्या पोटातच एक जुना संगणक बसवून घेतला होता. पडद्यावर चौकट उघडायची आणि तिच्यात जुना संगणक जसाच्या तसा चालायचा. तो सारा जुना संगणक एका फायलीत साठवलेला होता, आणि तिच्यावर टिचकी मारली की चौकट उघडून देणारा एक वेगळा प्रोग्राम होता. आजारपणात उशीला टेकून नरहरने देवीसाठी यंदाचा काठ काढला. पण तो कागदावर छापून घ्यायच्या आधीच तो देवाघरी गेला.

महावस्त्र मागावर चढवायची वेळ झाली. चौकट उघडणारा प्रोग्राम सारखा अडकायचा, म्हणून भालचंद्रने तो काढून टाकला आणि दुसरा नवा बसवला. मग नेहमीसारखी नरहरच्या फायलीवर टिचकी मारली. फायलीच्या नावाशेजारचं छोटं चित्र पांढरं पडलं होतं. ही फाइल कशाने उघडू, असं संगणकाने विचारलं. भालचंद्र घाईत होता. न वाचताच त्याने फोटो दाखवणारा प्रोग्राम निवडला आणि ‘नेहमी यानेच उघड’ यावरही खूण करून टाकली. झालं. फाइल फोटोवाल्याकडे जाऊ लागली, आणि तो दर वेळी एकच उत्तर देऊ लागला: फाइल उघडत नाही, खराब झाली असावी.

भालचंद्रने पुन्हा पुन्हा टिचकी मारून बघितली. आदल्या दिवशी सकाळी वृंदा याच संगणकावर मेंदीची चित्रं बघत बसली होती, ते त्याला आठवलं. मागावर बसलेल्या बायकांदेखत तो तिला टाकून बोलला. ही घरात आली आणि दादाचं शेवटचं काम गेलं, इथपर्यंत बोलला. वृंदा उठली. देवघरापाशी जाऊन वाती वळू लागली, तर वाती ओल्या होत गेल्या.

फाइल पुसून टाकतो, यंदा देवीला बाजारातली नक्षी विणू, असं भालचंद्र वहिनीला म्हणाला. कावेरीचा जीव त्या काठात होता. नवऱ्याच्या हातचं ते शेवटचं काम. तरी तिने आधी विचारलं ते वृंदाबद्दल.

“तिने चित्रं बघितली त्यानंतर, काल संध्याकाळी, ही फाइल उघडली होती ना हो भाऊजी?”

“उघडली होती.”

“मग मधे तुम्ही काय केलंत?”

जुना काढला, नवा घातला, असं त्याने सांगितलं.

“मागावर असं केलं असतंत?”

भालचंद्रने मागाकडे पाहिलं. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवताना कुठलाही विणकर जुना ताणा समूळ कापून टाकत नाही. त्याची टोकं मागावर राहू देतात आणि नव्याचा एकेक धागा जुन्याच्या धाग्याला सांधतात. तेव्हाच नवा धागा आपल्या जागी येतो. हे त्याने लहानपणापासून केलं होतं. संगणकापुढे मात्र विसरला होता.

तो पुन्हा बसला. या वेळी पडद्यावरचं प्रत्येक अक्षर वाचलं. ही फाइल कशाने उघडायची, ते बदलायची जागा शोधली. फोटोवाल्याचं नाव काढलं, नव्या प्रोग्रामचं दिलं, आणि ‘नेहमी यानेच’ यावर आता समजून उमजून खूण केली. पांढऱ्या चित्राला रंग आला. चौकट उघडली. तिच्यात जुना संगणक जागा झाला, आणि त्यात नरहरचा काठ होता. कमळाच्या वेलीवर राघू बसलेले, एकाचंही पीस हललं नव्हतं. कावेरीने हात जोडले.

बायकांदेखत बोलला होता, म्हणून त्यांच्यादेखतच भालचंद्र म्हणाला, “वृंदा, चूक माझी होती. ऊठ, राघूंचा रंग तू निवड.”

“हात लावू ना? नाहीतर दुपारी मागाचा धागा तुटला तरी माझंच नाव यायचं.”

मागावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. भालचंद्रही ओशाळून हसला.

“लाव गं,” कावेरी म्हणाली. “तुझं नाव कोण घेतं ते मी बघते.”

घटस्थापनेला देवी नरहरच्या काठात उभी राहिली. राघूंचा हिरवा वृंदाने निवडलेला होता.

तात्पर्य: नवं घरात आणलं म्हणजे जुन्याशी त्याची ओळख आपोआप होत नाही, ती आपणच सावकाश करून द्यावी लागते. ती करून द्यायची राहिली, तर जुनं बिघडलं असं म्हणू नये आणि नव्या माणसाला बोल लावू नये.