माशांना आग्रह

भाताच्या मुलखातल्या एका गावात उदाराम नावाचा एक शेतकरी राहत होता. माणूस मोठ्या मनाचा, पण आग्रह करू लागला की कुणाचे ऐकेचना. पाहुणा "पुरे" म्हणाला की त्याला वाटे, बिचारा लाजतो आहे. मग ताटात भाताचा आणखी एक ढीग पडे. त्याच्याकडे जेवायला जायचे म्हणजे लोक सकाळपासून पोट रिकामे ठेवत, आणि परत येताना वाटेतल्या प्रत्येक झाडाला टेकत घर गाठत.

उदारामच्या शेताच्या कडेला त्याच्या आजोबांनी खणलेली बोडी होती. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारे लहानसे तळे. त्यात मासे वाढवायचा उदारामला भारी नाद. पावसाळ्यात तो बोटाएवढी पिल्ले सोडी. दिवाळीपर्यंत ती वीतभर होत. त्याची चाहूल लागली की सारी काठाशी गर्दी करत, आणि तो त्यांच्यात टोपलीभर कोंडा उधळी. त्या वेळचा त्याचा चेहरा पाहावा! पण पौषातली थंडी पडली की मासे मरू लागत. एक वर्ष मेले, दुसऱ्या वर्षीही मेले. लोक म्हणू लागले, या बोडीला हिवाळा मानवत नाही.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यातच त्याची बायको पार्बता म्हणाली, "औंदा मेले त बोडी बुजवा अन् धान लावा. मेलेले मासे मले पाहवत नाही."

उदारामने शब्द दिला आणि कंबर कसली. बोडीतला गाळ उपसला. थंडीत माशांना खाली ऊब मिळावी म्हणून मधोमध पुरुषभर खोल खड्डा खणला. पावसाळ्यात पिल्ले सोडली. दिवाळी गेली, मासे टुमटुमीत झाले. आता कसली भीती?

पौष लागला. सकाळी गवतावर दहिवर साचू लागले आणि मासे वर यायचे थांबले. उदाराम काठावर पाय आपटून पाही, हाका मारी. पाणी ढिम्म. उपाशी असतील, रुसले असतील, असे वाटून त्याचा जीव तुटे. त्याने एका टोपलीच्या दोन टोपल्या केल्या. कोंड्यात पेंडीची ढेप मिसळली. खाणे तसेच तरंगत राही, मग फुगून तळाशी जाई. आठ दिवसांत पाणी काळसर झाले. एका सकाळी तीन मासे पोट वर करून तरंगताना दिसले.

अशक्त झाले बिचारे, असे म्हणून उदाराम तिसरी टोपली घेऊन आला. तेवढ्यात बांधावरून गिरजामावशी आली. मासेमार ढिवरांच्या घरातली ही म्हातारी जन्मभर पाण्यातच वावरली होती. खांद्यावर जाळे, कमरेला मासे ठेवायची खालोई.

"काय टाकून राहिला रे भाऊ?"

"उपाशी हायेत, मावशी. वरच येत नाहीत."

तिने ओंजळीत पाणी घेऊन हुंगले आणि त्याच्या हातातली टोपली सरळ काढून घेतली. "पाहुन्याचं पोट भरलं त तो ताटावर हात आडवा धरते. मासोळीनं हात कुठून आनावा? हिवात तिची भूकच निजते. तू टाकलेलं कोनी खात नाही. खाली सडते अन् पान्याचं इख होते. दोन साल मासोळी हिवानं नाही मेली, भाऊ. तुह्या मायेनं मेली."

उदाराम काठावर बसून रडू लागला. दोन वर्षे तो थंडीला शिव्या घालत होता!

"रडू नको, ऊठ," मावशी म्हणाली. "सडकं खानं काढ, विहिरीचं कोमट पानी सोड. अन् शिवरातीपर्यंत टोपलीले हात लावू नको."

तीन दिवस मोट चालली. पाणी निवळले. पण खरे कष्ट पुढेच होते. उदाराम रोज काठावर येई आणि रिकाम्या हाताने बसे. हात नुसते शिवशिवत. एकदा त्याने कोपरीच्या खिशात मूठभर कोंडा लपवून आणला. नेमका त्याच वेळी एक रोहू वर आला आणि संथ वळसा घालू लागला. उदारामची मूठ पाण्यावर गेली. बोटे उघडणार, एवढ्यात त्याने डोळे गच्च मिटले, पाठ फिरवली आणि तो कोंडा बैलाला खाऊ घातला. बैलाची काही तक्रार नव्हती.

शिवरात्र झाली. ऊन तापू लागले. एका दुपारी उदाराम काठावर उभा राहिला आणि पाणी हलले. एक आला, दहा आले, मग सारी बोडीच वर आली! कुणी उड्या मारत होते, कुणी त्याच्या पायाशी तोंडे उघडत होते. उदाराम हसत होता आणि डोळे पुसत होता. "पार्बते! जगले वं, जगले!"

पार्बता हातातल्या सुपासकट धावत आली. त्या चकाकत्या पाठींकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग पदर खोचून नवऱ्याला म्हणाली, "आता बोडी बुजवतो म्हनाल, त मीच आडवी पडीन!"

तात्पर्य: आपल्याला देण्यात सुख वाटते म्हणून देत सुटू नये, घेणाऱ्याची गरज ओळखून हात आवरणे, हीसुद्धा मायाच असते.